बर्डीचं घड्याळ, इतवारीचा वार

प्रिय भाचीबाईस,

म्युनिकचं बिऱ्हाड आवरून तुम्ही दोघं नागपूरला येताय, जावईबापूंची नोकरी मिहानमध्ये आणि घर मनीषनगरात, हे तुझ्या आईकडून कळलं. फार बरं झालं. तिकडं तुला घड्याळाची सवय लागली असणार. बव्हेरियात रात्री आठला दुकानांची दारं कायद्यानं बंद, रविवारी तर सगळा शुकशुकाट. इकडं कायदा नेमका उलटा आहे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं महाराष्ट्रात दुकान सातही दिवस उघडं ठेवता येतं, फक्त नोकराला आठवड्याची सुटी द्यावी लागते. तेव्हा पाटीवरची वेळ फार मनावर घेऊ नकोस. नागपूरचं दुकान ऊन, सण आणि मालकाचं जेवण या तिघांना विचारून उघडतं आणि मिटतं. शटर पाहून निघू नये, ऊन पाहून निघावं. ही म्हण माझीच, पण आता घरात सगळे वापरतात.

जसं आठवलं तसं लिहिलंय, क्रमाच्या मागे लागू नकोस.

१. दूध-भाजी सोडली तर सकाळी साडेदहाच्या आत कुठंच निघू नको – बर्डीतली, म्हणजे सीताबर्डीतली, कापडाची दुकानं उघडतात अकराच्या सुमारास, आणि पुढचा अर्धा तास झाडू, पाण्याचा सडा आणि उदबत्तीत जातो.

२. उदबत्ती फिरत असताना भाव विचारू नको, दारात उभी राहा – दुकानदाराचा एक हात देवासमोर असतो, त्या वेळी तो ना धड देवाचा ना गिऱ्हाइकाचा.

३. पहिलं गिऱ्हाईक तूच असशील तर काहीतरी घेऊनच निघ – बोहनी न होता माणूस परत गेला की दिवस बुडाला, ही समजूत पक्की आहे. पण घ्यायचं ठरलेलंच असेल तर हीच वेळ साध, बोहनीला कोणी भाव ताणून धरत नाही.

४. एप्रिल-मे मध्ये बारा ते पाच बाजाराचं नाव काढू नको – २३ मे २०१३ ला इथं पारा ४७.९ वर गेला होता, आणि चव्वेचाळीस-पंचेचाळीस तर आम्ही मोजतही नाही. त्या वेळात दुकानं उघडी दिसतील, पण आत मालक कूलरसमोर आणि नोकर गोदामात, माल दाखवायचा उत्साह कोणालाच नसतो.

५. मे अखेरीस नवतपा लागला की सगळी खरेदी संध्याकाळी सहानंतर – त्या नऊ दिवसांत अख्खं शहर रात्रीचं होतं, आठ-साडेआठलाच बाजार खरा रंगात येतो. निघताना दुपट्टा डोक्याला गुंडाळायचा, खिशात कांदा ठेवायचा. कांद्याला हसू नकोस, पाणी मात्र बाटलीभर सोबत घे.

६. कूलर आणि त्याच्या ताट्या होळीच्या आधी घेऊन टाक – पहिली झळ लागली की सगळं नागपूर एकाच दुकानात उभं असतं. साध्या ताट्या स्वस्त पडतात, पण झोपायच्या खोलीला खसच्याच घे. पहिल्या पाण्याचा तो वास म्युनिकमध्ये कोणी विकत देणार नाही.

७. दुपारी दोन ते चार अर्धं शटर खाली दिसलं तर ते बंद समजू नको – एकट्या माणसाचं दुकान आहे, तो आत डबा खातोय. वाकून "भाऊ, आहात का?" एवढं म्हण आणि हात धुवून येईपर्यंत थांब. जेवत्या माणसाला घाई करणारा उपाशी परत जातो.

आता बाजार कोणता कशासाठी, ते ऐक. बर्डीत सगळं मिळतं म्हणून सगळं बर्डीतूनच घ्यायचं, ही नव्या माणसाची सवय. जुन्या नागपुरात मालागणिक ओळ आहे: चितार ओळी, किराणा ओळी, लोहा ओळी. एकाच मालाची दुकानं शेजारीशेजारी, त्यामुळं भाव विचारायला पायपीट नाही.

८. इतवारीत रविवारी जाऊ नको – नाव रविवारचं, पण ठोकवाल्यांची बहुतेक दुकानं नेमकी त्याच दिवशी बंद असतात. मंगळवार-बुधवारची अकरा ते एक ही वेळ चांगली.

९. बर्डीला मात्र रविवारीच मजा आहे, पण लहान लेकरू सोबत नसेल तरच – मेन रोडवर पाय ठेवायला जागा नसते. मोदी नंबर एक, दोन, तीन या गल्ल्या आधी एकदा मधल्या वारी फिरून ओळखीच्या करून ठेव, म्हणजे गर्दीत चुकलीस तरी मोदी नंबर दोनच्या तोंडाशी भेटू असं सांगता येईल.

१०. फुटपाथवर एखादी वस्तू आवडली तर तेव्हाच घे – मनपाचं पथक येऊन गेलं की उद्या तो विक्रेता त्या जागी असेलच असं नाही.

११. इतवारीला गाडी नेऊ नको, मेट्रोनं जा – मनीषनगराकडून उज्ज्वलनगर किंवा जयप्रकाशनगरला बसायचं, सीताबर्डीला गाडी बदलायची आणि चितार ओळी चौकात उतरायचं. ती पूर्वेकडची लाइन डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. त्याआधी गाडी लावायला जागा शोधण्यातच निम्मी सकाळ जायची.

१२. ठोकाच्या दुकानात शिरताच "चिल्लर मिळेल का, भाऊ?" असं विचारून टाक – तो नाही म्हणाला तर रागानं म्हणत नाही, अर्धा डझन मोजायला त्याच्याकडं माणूस नसतो. नंगा पुतळ्याच्या बाजूला साड्या आणि बांगड्या चिल्लर देणारी दुकानं भरपूर आहेत.

१३. गणपतीची मूर्ती चितार ओळीतून श्रावणातच सांगून ठेव – उशिरा गेलीस तर उरलेल्यांतून निवडावी लागते, आणि मूर्ती निवडताना मन घट्ट नसावं. मातीची हवी हे आधीच स्पष्ट सांग, नाव आणि उंची चिठ्ठीवर लिहून घे, चिठ्ठी पर्समध्ये ठेव.

१४. भाजीसाठी आठवड्यातून एकदा कॉटन मार्केट, बाकी दिवशी गोकुळपेठ किंवा घराजवळचा ठेला – कॉटन मार्केट पहाटेचं असतं, ऊन चढलं की तिथं उरलेली भाजी आणि चिखल. जावईबापू पहाटे धावायला जातात म्हणे. त्यांना पिशवी देऊन त्याच दिशेनं धावायला लाव.

१५. बुधवार बाजार महालातही भरतो आणि सक्करदऱ्यातही, म्हणून कोणालाही नुसतं "बुधवार बाजारात ये" सांगू नको – दोघंही वेळेवर पोचतात आणि एकमेकांना शोधत बसतात.

१६. रात्री बाजार उठता उठता पालेभाजी स्वस्त होते, पण फळभाजी तेव्हा घेऊ नको – पालेभाजी उद्यापर्यंत टिकत नाही म्हणून तो सोडतो. वांगी आणि ढेमसं मात्र दिवसभर लोकांनी दाबून पाहिलेली उरतात.

१७. भाव भाजीत कर, फुटपाथवर कर, पण म्हातारीच्या टोपलीपाशी करू नको – पाच रुपयांनी तुझं काही वाढत नाही, आणि ती पुढच्या वेळी मुठीनं जास्त घालते. शेवटी सांबार मागायचा, कोथिंबीर गं, तो हक्कानं मिळतो. आधी मागितलास तर त्याचेही पैसे पडतात.

१८. भाव करताना निम्म्यापासून सुरुवात करू नको – नागपुरी माणूस दिलदार आहे, पण त्याला बावळट समजलेलं चालत नाही. "बरोबर लावा ना भाऊ" म्हणून गप्प उभी राहा, पुढचं तोच बोलतो. मराठीत बोल, हिंदीत बोल, इथं एका वाक्यातही दोन्ही चालतात. फक्त 'भाऊ', 'काका', 'मावशी' यांतलं एखादं लावायला विसरू नको.

संत्र्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुझे तिकडचे पाहुणे आले की पहिली मागणी तीच असणार.

१९. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये – मधल्या दिवसांत कोणी नागपुरी म्हणून देत असेल तर मान हलवायची आणि पुढं चालायचं. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ठेल्यावरच्या प्रत्येक संत्र्याला ते मिळालेलं नाही.

२०. संत्रं डोळ्यांनी निवडू नको, तळहातावर घेऊन निवड – आकारापेक्षा जड लागलं तर रस आहे, आणि साल किंचित सैल असली की फोडी सहज सुटतात. फार चकाकणारं फळ मेण लावलेलं असतं, आणि सुरुवातीच्या आंबियाचा थोडा हिरवेपणा दोष नव्हे. साल नखानं जराशी खरवडून वास घेतलास तर विकणारा ओरडेल. ओरडू दे, पण मग तिथूनच घे.

२१. जास्त लागणार असतील तर शेजारणींना घेऊन कळमन्याच्या बाजारात जा, सकाळी लवकर – तिथं पेटी नाही तर ढीग उचलावा लागतो. एकट्या घरात पेटीभर संत्री म्हणजे आठवड्यानं मुरंबा करण्याची शिक्षा.

२२. संत्रा बर्फी गाडी-विमान सुटायच्या दिवशीच घे आणि डब्यावरची तारीख वाच – खव्याची वस्तू आहे, चार दिवस आधी घेऊन ठेवलीस तर पाहुणा म्युनिकला जाऊन आपल्याला नावं ठेवील.

वर्षाच्या बेगमीचं आता कोणी फारसं करत नाही, मला माहीत आहे. तरी तीन वस्तू तेवढ्या कर.

२३. तिखटाची मिरची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये घे, आणि भिवापुरी मिळाली तर थोडी का होईना घे – आपल्याच जिल्ह्यातली, मानांकन मिळालेली मिरची आहे. मूठभर हातात घेऊन हलव, खुळखुळ वाजली तर कोरडी आहे. वाजली नाही तर ओल आहे, पैसे पाण्याचे जातात आणि वर बुरशी येते. एक मोडून आत बघ, काळपट दिसलं तर पूर्ण पोतं सोड.

२४. हळद वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची, अख्खी आणून चक्कीवर दळायची – दळलेल्या हळदीत काय आहे हे दळणाऱ्यालाच ठाऊक.

२५. तांदूळ दिवाळीनंतर नवा येतो, पण रोजच्या भातासाठी "जुना आहे का?" असंच विचार – नव्याचा भात चिकट होतो. एचएमटी मागितलास तर जावईबापूंना एवढं सांग, की ते वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्यानं शेतात निवडून काढलं आणि नाव पडलं त्या काळच्या मनगटी घड्याळावरून. एवढ्या मोठ्या कामाचा मोबदला त्या माणसाला आयुष्यभर नीट मिळाला नाही, हे मला अजून टोचतं.

२६. चक्कीवर दळण टाकताना आधी कोणाचं काय दळून चाललंय ते विचार – हरभरा डाळीमागून गहू दळलास तर पोळ्यांना बेसनाचा वास येतो. डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नाव लिही, बाहेरचं पिठानं पुसलं जातं. चक्कीवाला सकाळी आणि संध्याकाळी असतो, दुपारी नसतो. कुठं जातो हे आजवर कोणाला कळलेलं नाही.

२७. एकच किराणेवाला धर, दर महिन्याला बदलू नको – यादी फोनवर पाठवलीस की डाळीत खडा निघाला तरी तो न बोलता बदलून देतो. ओळखीचा दुकानदार हा घरातलाच एक डबा असतो. उधारी मात्र त्याच्याकडंही ठेवू नको, वहीतला आकडा मनात राहतो.

सणवार इथं घड्याळापेक्षा मोठे. तिकडं वर्षाची सुट्ट्यांची यादी भिंतीवर लावत होतीस ना, तशी ही मनाशी लाव.

२८. धुळवडीला दिवसभर बाजार बंदच धर – आदल्या संध्याकाळी दूध, भाजी आणि औषधं आणून ठेव. रंगलेलं नागपूर दुपारी झोपतं.

२९. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल लेकरासाठी महाल-इतवारीतून चार दिवस आधी आण, पण त्याच दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, इतवारीत खरेदीला जाऊ नको – काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, बडग्यांचे पुतळे निघतात, रस्ते माणसांनी भरतात. बघायला मात्र जरूर जा, पिशवी घरी ठेवून.

३०. पितृपक्षात फ्रिज, कपाट असलं मोठं काहीतरी घेऊन टाक – गिऱ्हाईक नसतं म्हणून दुकानदाराला वेळ असतो, तो सगळं उघडून दाखवतो आणि भावातही नमतं घेतो. तुझ्या सासूबाईंना हा मंत्र माझ्या नावानं सांगू नको.

३१. दसऱ्याला वर्धा रोड, लक्ष्मीनगर या बाजूंची कामं टाळ – दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, १९५६ च्या धम्मदीक्षेची आठवण म्हणून. पायी जमलं तर तिथं मात्र जा. पुस्तकांची इतकी दुकानं एका जागी नागपुरात एरवी मिळत नाहीत, आणि गावाकडून आलेली माणसं कशी हौसेनं पुस्तकं घेतात ते पाहण्यासारखं आहे.

३२. लक्ष्मीपूजनाच्या दुपारनंतर आणि पुढचे काही दिवस इतवारीवर भिस्त ठेवू नको – बरेच मारवाडी-गुजराती व्यापारी लाभपंचमीलाच पुन्हा मुहूर्त करतात. दिवाळीनंतर लग्नाचं कापड घ्यायचं असेल तर हे आधी मोजून ठेव.

३३. संक्रांतीच्या आठवड्यात दुचाकीवर गळ्याला जाड स्कार्फ गुंडाळल्याशिवाय बाजारात जाऊ नको – नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी तो उडतो. यात गंमत नाही, आणि मीही गमतीनं सांगत नाही.

३४. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असलं की बर्डीला शनिवार-रविवारी जा – १९५३ च्या नागपूर करारानं दिलेला हा आपला मान आहे, आणि मानाबरोबर मोर्चे येतात. यशवंत स्टेडियमहून निघालेला मोर्चा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडला की तुझी रिक्षाही तिथंच अडते.

आता कागदपत्रांचं. हे कंटाळवाणं आहे, भरभर सांगते.

३५. सरकारी कचेरीत शनिवारी जाऊ नको, बँकेत दुसऱ्या-चौथ्या शनिवारी – फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारचा आठवडा पाच दिवसांचा आहे. कचेरीची वेळ पावणेदहा ते सव्वासहा, पण तू अकराला पोच आणि एकच्या आत काम उरक.

३६. रात्रीबेरात्री औषध लागलं तर धंतोली किंवा मेडिकल चौकाकडं जा – दवाखान्यांच्या आसपास रात्री उघडं दुकान सापडतं. मनीषनगरातलं कोणतं किती वाजेपर्यंत असतं ते आल्या आठवड्यात विचारून फ्रिजवर चिकटव.

३७. सोनं घेताना दागिन्यावरचा सहा अक्षरी-आकडी कोड बघितल्याशिवाय पैसे देऊ नको – एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कबरोबर तो असावाच लागतो, आणि बीआयएस केअर ॲपवर तो तिथल्या तिथं तपासता येतो. सराफ ओळखीचा असला तरी तपास. ओळखीचा असला तर जास्तच, कारण तिथं मागून बोलायची सोय राहत नाही.

३८. मोबाइलवरून पैसे भरायची सवय असू दे, पण पन्नास-शंभराच्या नोटा सोबत ठेव – बर्डीच्या गर्दीत नेटवर्क गोल फिरतं आणि मागची रांग तुझ्याकडं बघते. पिशवीही घरचीच ने, २०१८ च्या बंदीपासून दुकानदार प्लॅस्टिकची देत नाही, आणि देतो तो चोरून देतो.

३९. वस्तू परत करायची तर दुपारी जा, बोहनीला किंवा संध्याकाळच्या गर्दीत नको – तिकडं ऑनलाइन घेतलेलं चौदा दिवसांत कारण न सांगता परत जातं. इथं आवडलं नाही म्हणून पैसे परत मागितलेस तर फार तर बदलून मिळेल. वस्तू सदोष निघाली तर गोष्ट वेगळी: २०१९ च्या ग्राहक कायद्यानं बिलावर मुदत दिली असेल तेवढी, नसेल तर तीस दिवस तुझ्या बाजूचे आहेत.

४०. म्हणून पक्कं बिल मागून घे, लाजू नको – बिल नसलेला खरा माणूसही खोटा ठरतो. कोणी ऐकतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. पण इतवारीतलं भांडण असेल तर तो लावायच्या आधी मला फोन कर, त्या भागातले दोन-तीन दुकानदार माझ्याच वर्गात होते आणि त्यातल्या एकाची गणिताची वही अजून माझ्याकडं आहे.